रिले कुठे गेला?

संपादक महोदय,

आपल्या वाहनविषयक पुरवणीत गाडीला जादा दिवे बसवण्याबद्दल सल्ला आला आहे: हे काम घरी करू नका, दुकानातच करून घ्या. पुण्या-मुंबईत हौसेपोटी एलईडी बार लावणाऱ्यांना तो ठीक असेल. जुन्नर तालुक्यात आमच्या जीप-पिकअपला हे दिवे हौस म्हणून लागत नाहीत. शेतीपंपाची थ्री फेज लाइट अजूनही बऱ्याच ठिकाणी पाळीपाळीने रात्रीची असते, मोटर चालू करायला पाणंदीने जावे लागते, दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. कंपनीचा हेडलाइट सरळ समोर पडतो. उसाच्या कडेला काय बसले आहे ते त्यात दिसत नाही.

दुकानात जाऊन आलेल्या गाड्यांचे बॉनेट उघडून पाहा. दिवे झकास, नट-बोल्ट स्टीलचे, आणि आत? हेडलाइटच्या वायरला कट मारून जोड दिलेला, त्यावर काळी टेप. रिले नाही, म्हणजे स्विचच्या थोड्याशा करंटवर चालून दिव्याचा मोठा करंट थेट बॅटरीवरून जोडणारी डबी नाही; फ्यूजही नाही. ५५ वॅटचे दोन हॅलोजन मिळून नऊएक अँपिअर करंट खेचतात. तो भार हेडलाइटच्या मूळ वायरीवर आणि डॅशबोर्डच्या स्विचवर पडतो. स्विच गरम होतो, वायर कडक होते आणि व्होल्टेज वाटेतच मरते. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळाले तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे पैसे देऊन बसवलेला दिवा अर्धवटच पेटतो आणि गिऱ्हाइकाला वाटते, माल डुप्लिकेट निघाला.

आमच्या शेजाऱ्यांच्या पिकअपचे काम असेच झाले होते. वायर केबिनमध्ये घेताना पत्र्याला भोक पाडले, त्यात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायरला पत्र्याची धार लागू न देणारे कडे, बसवले नाही. धक्क्यांनी इन्सुलेशन कापले गेले आणि पावसाळ्यात वायर पत्र्याला टेकली. फ्यूज नसल्यामुळे वायरच फ्यूज झाली. धूर दिसताच बॅटरीची पट्टी काढली म्हणून गाडी वाचली. दुकानदाराचे म्हणणे, ‘दिवे तर अजून चालू आहेत की!’

दुकानदार लबाड असतो असे मला म्हणायचे नाही. दारात चार गाड्या उभ्या, मजुरी ठरलेली, मग तो जे वाचवणार ते न दिसणारेच. शंभर-दीडशे रुपयांचा रिले आणि तासभर वेळ. आपल्याकडे निदान एक रविवार असतो.

कामही काही अवघड नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह पट्टी काढायची. रिलेच्या पायांजवळ आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरीची पॉझिटिव्ह, ८७ वरून दिव्याला, ८६ ला स्विचकडून येणारी, ८५ ला अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी जोड. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, वीतभर अंतरावर. दिव्याजवळ बसवलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही. वर सांगितलेल्या दोन हॅलोजनना १५ अँपिअरचा फ्यूज आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर पुरते. अर्थ देताना मात्र आळस नको. रंगावर बोल्ट आवळून अर्थ मिळत नाही. पॉलिश पेपरने रंग खरवडून पांढरा पत्रा दिसू द्यावा, वायरच्या टोकाचा लग (धातूचे कडे) दाबून बसवावा, वरून व्हॅसलीन लावावे. दिवा मंद पेटतो किंवा मध्येच मिचमिचतो, तेव्हा दहापैकी आठ वेळा चूक अर्थचीच असते. कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) आधी वायरला खाली झोळ ठेवला की पावसाचे पाणी झोळाशी गळून जाते, कपलरमध्ये शिरत नाही.

नव्या गाड्यांचे दुखणे वेगळे. त्यांत दिव्यांच्या करंटवर कॉम्प्युटरची नजर असते. हेडलाइटच्या वायरला हात लावला की डॅशबोर्डवर इशारे पेटतात आणि वॉरंटीचे भांडण उभे राहते. तिथे स्वतंत्र स्विचचे तयार हार्नेस (जोडून आलेला वायरींचा संच) घेऊन थेट बॅटरीवरून काम करावे, मूळ वायरीला ब्लेडही लावू नये. तेवढा धीर नसेल तर कंपनीच्या वर्कशॉपला विचारावे.

खरेदीचेही सांगतो. खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका. १२० वॅटच्या बारने दहा अँपिअर घ्यायला हवेत. मी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावतो तेव्हा तीन-चारच दिसतात. आणि पाणंदीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालते, तिथे लांब पल्ल्याचा झोत काय कामाचा? उजेड रुंद पसरणारा हवा. माळशेज घाटातल्या पावसाळी धुक्यातही तेच, शिवाय दिवा बंपरखाली हवा. टपावरचा बार धुक्यात लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते.

दिवे बसवल्यावर त्यांची दिशा ना दुकानदार लावतो, ना घरी काम करणारे. सपाट जागी, भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी लावावी, दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ मारावी. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या चारेक इंच खाली यायला हवी. नारायणगाव-ओतूर भागात रात्री समोरून येणाऱ्या पिकअपने डोळे दिपून दुचाकीवाले साइडपट्टीवर उतरतात, ते ही खडूची रेघ कुणी मारत नाही म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १११ नुसार गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, तीही अपवादात्मक परिस्थितीत. डांबरी रस्ता लागला की स्विच बंद आणि दिव्यावर कव्हर, इतके तरी पाळलेच पाहिजे.

नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे ठिबक आणि फवारणीच्या वर्गांबरोबर गाडी-ट्रॅक्टरच्या वायरिंगचा एक दिवसाचा वर्ग ठेवावा, अशी सूचना आपल्या वृत्तपत्रातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी. आणि ज्यांना दुकानातच जायचे आहे त्यांनी बिलावर रिले, फ्यूजचा आकडा आणि वायरची जाडी लिहून मागावी, पैसे बॉनेट उघडून पाहिल्यावर द्यावेत.

– एक वाचक, ओतूर (ता. जुन्नर, जि. पुणे)