इस्राएलशी केलेला करार रद्द झालेला नाही

महोदय,

ख्रिस्ताच्या आगमनाने यहुद्यांशी, म्हणजेच बायबलमधील इस्राएलशी, असलेला देवाचा करार संपला, असे काही प्रवचनांतून आजही बिनदिक्कत सांगितले जाते. प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या, बायबलमधील पत्राचा अकरावा अध्याय मात्र नेमके उलट सांगतो: देवाची कृपादाने व पाचारण अपरिवर्तनीय आहेत आणि यहुदीतर ख्रिस्ती ही मूळ जैतुनावर, म्हणजे इस्राएलवर, कलम केलेली रानफांदी असल्याने तिने गर्व करू नये. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘नोस्त्रा एताते’ या इतर धर्मांविषयीच्या घोषणापत्रात याच अध्यायाचा आधार घेतला, तर पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८० साली जर्मनीतील माइंझ येथे यहुदी प्रतिनिधींपुढे, देवाने तो करार कधीच रद्द केलेला नाही, असे म्हटले. बायबलमधीलच इब्री लोकांस पत्रातील ‘पहिला करार जुना झाला’ हे वचन (८:१३) अडचणीचे आहेच. पण तेवढेच पुढे करून पौलाला गप्प बसवणे प्रामाणिकपणाचे नव्हे.

– एक वाचक, वसई