पोटरीतला गोळा

पुणे, रविवार
पहाटेचे साडेचार

प्रिय दिन्या,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आई बरी, गुडघे तसेच. सुमाची मान तशीच. फोन करणार होतो, पण या वेळेला वाजवला असता तर तुमचं अख्खं घर उठून बसलं असतं. आणि दिवसा केला असता तर मी नेहमीसारखं पाऊस आणि द्राक्षांचा भाव विचारून ठेवून दिला असता. आठ महिन्यांत दोन फोन, तेही तसलेच. तुझंही तोंड काही शिवलेलं नव्हतं म्हणा. असो, भांडण नंतर.

काल रात्री पुन्हा पायात गोळा आला. 'पुन्हा' म्हणजे या महिन्यातली सहावी खेप. तुझी आई वांब म्हणायची ना, तोच. तीनच्या सुमाराला कूस बदलताना पाय जरा ताणला आणि उजव्या पोटरीत कुणीतरी आतून पक्कड लावून पिळल्यासारखं झालं. हात लावून बघितलं तर लिंबाएवढा दगड. पाऊल खाली वळलेलं, अंगठा भलतीकडेच. उठून उभा राहू म्हटलं तर टाच टेकेना. सुमा हल्ली आईच्या खोलीत झोपते, आई रात्री उठते म्हणून. दिव्याचं बटण दोन हातांवर, दिन्या, मोजून दोन हात. मला तिथवर जाता आलं नाही.

आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते पुढे सांगतो.

आधी हे झालं कसं ते ऐक, नाहीतर तू म्हणशील की फॅडं करतोस, भोग. जूनमध्ये तीन महिन्यांची साखर ७.२ निघाली, वजन ९१. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोळी-भात कमी करा. मी कसला कमी करतोय, बंदच केला. (तू इथे मान हलवतोयस, दिसतंय मला.) भाकरी नाही, पोहे नाहीत, साबुदाणा नाही, बटाटा नाही. अंडी, पनीर, भाज्या, मूठभर शेंगदाणे. तू पाठवलेलं भडंग सुमाने ऑफिसात वाटून टाकलं, मला वासही दिला नाही. नऊ दिवसांत चार किलो उतरले. मी सोसायटीत छाती काढून फिरत होतो. दहाव्या रात्री पहिला गोळा.

ते चार किलो म्हणजे बहुतेक पाणी होतं लेका! आपल्या स्नायूंत नि यकृतात साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, आणि त्याच्या एकेका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. पिठूळ खाणं तोडलं की साठा रिकामा, पाणी बाहेर. वर आणखी एक भानगड. पोळी-भात खाल्ला की इन्सुलिन वाढतं आणि ते मूत्रपिंडाला सांगतं, मीठ धरून ठेव. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंड मीठ सोडून देतं. म्हणजे मी दिवसभर मीठ मुतत होतो आणि वजनकाट्याला नमस्कार करत होतो.

बरं, मीठ पोटात जायला तर हवं. आमच्या घरात आईच्या बीपीमुळे आधीच अळणी. जे काही जायचं ते लोणचं, पापड, चटणीतून. पण पोळीच नाही तर तोंडी लावणं कशाला, म्हणून तेही सुटलं. त्यात कुणीतरी सांगितलं, पाणी भरपूर प्या, म्हणून रोज चार लिटर ढोसत होतो. आणि माझी बीपीची जी गोळी आहे ना, टेल्मिसार्टन, तिच्यात दुसरं एक औषध मिसळलेलं, क्लोरथॅलिडोन. ते पाणी काढायचंच औषध. पाण्याबरोबर मीठ काढतं, पोटॅशियम काढतं, मॅग्नेशियमही काढतं. एका टाकीला तीन नळ आणि तिन्ही उघडे.

हे सगळं मला चार-पाच दिवसांपूर्वी कळलं. त्याआधीचा महिना गावभर सल्ल्यांचा. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, चादरीखाली साबणाची वडी ठेवून झोपा. ठेवली. गोळा आलाच, वर सुमाने विचारलं, अंथरुणात आंघोळ करता काय. मेहुणा म्हणाला केळं खा. एका केळ्यात सत्तावीसेक ग्रॅम कार्ब, तेच ते पिठूळ-गोड, म्हणजे ज्या चोराला बाहेर काढलं त्यालाच राखणीला बसवायचं. मग मॅग्नेशियमच्या गोळ्या आणल्या. त्यांनी पोटरी राहिली बाजूला, पोट मात्र असं मोकळं झालं की दोन दिवस ऑफिसला दांडी. डॉक्टरीणबाई नंतर हसून म्हणाल्या, अंगात ते कमी असेल तर गोष्ट वेगळी, एरवी म्हाताऱ्या माणसांच्या पायांतल्या गोळ्यांवर त्याचा फारसा उपयोग दिसलेला नाही. म्हाताऱ्या म्हणाल्या. तोंडावर.

शेवटची कमाल म्हणजे मी दुकानातून 'कमी सोडियमचं' मीठ आणलं. बीपीही सांभाळेल आणि मीठही जाईल, अशी माझी हुशारी. तो पुडा बघून बाई पहिल्यांदा चिडल्या. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टन घेणाऱ्या माणसाच्या अंगात पोटॅशियम साठू शकतं आणि फार साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. रक्तात सोडियम १३३ निघालं, १३५च्या वर हवं. पोटॅशियम ३.३, ते साडेतीनच्या वर हवं. बीपी ११०. खाणं बदललं की बीपी उतरतं, गोळीही बदलावी लागते, मला न विचारता महिनाभर हे चालवलंत कसं, असं बरंच ऐकून घेतलं. आता पाणी काढणारं औषध बंद, नुसती टेल्मिसार्टन. पाणी तहानेपुरतं. रोज संध्याकाळी पालकाच्या सुपात व्यवस्थित मीठ. वाटीभर भात परत. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त. तुझ्या मधूलाही ती मिसळलेली गोळी आहे ना? त्याला सांग, मनाने बंद करू नकोस, पण खाण्याचे चाळे करणार असशील तर आधी डॉक्टरला विचार.

शिवाय रात्री झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला लावून पोटरी ताणायची. झोपेत पाऊल पांघरुणाखाली खाली वळतं, पोटरी आखडून बसते, म्हणून गोळा रात्रीच येतो म्हणे. सुमा म्हणते, भिंत सोसायटीची आहे, जपून ढकला.

तर हे सगळं चालू होऊन चारच दिवस झाले आणि काल रात्रीचा गोळा आला. मी ओरडलो, "दिन्या!"

सुमाला नाही, आईला नाही. छप्पन्न वर्षांचा माणूस, कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर, रात्री तीनला "दिन्या, पाय!" म्हणून ओरडतो. आईने आतून विचारलं, दिन्या आलाय का रे? चहा टाक म्हणाली.

तुला कळलं असेल मी कुठे होतो ते. ८५ची दहावीची सुटी, सांगलीच्या माई घाटावरून कृष्णा पोहत सांगलवाडीकडे. शिऱ्या मागे वळला, मी नाही वळलो, कारण तू पुढे होतास. मधोमध हाच पाय, हीच पोटरी. त्यानंतरचं मला खरोखरच आठवत नव्हतं, दिन्या, की मी आठवू दिलं नव्हतं, कोण जाणे. केसांना हिसका, नाकातोंडात पाणी, आणि मग एकदम वाळू. तू माझी टाच मांडीवर घेऊन अंगठा गुडघ्याकडे दाबत होतास आणि शिव्या घालत होतास.

काल अंधारात मी तेच केलं. पंचाचा फास पावलात अडकवून दोन्ही हातांनी अंगठा स्वतःकडे ओढला. मिनिटभराने दगड विरघळला. मग भिंत धरत स्वयंपाकघरात गेलो आणि वहिनींनी नेहाच्या लग्नात निघताना दिलेली लोणच्याची बरणी काढली. आठ महिने उघडली नव्हती. अमेरिकेतले खेळाडू पेटके आले की लोणच्याचा खार पितात असं वाचलं होतं. तो पोटात मुरायच्या आत गुण येतो म्हणे, घशाला आंबट-खारट झोंबूनच स्नायूकडे निरोप जातो. ते पाणचट काकडीचं लोणचं, हे वहिनींचं तेलातलं कैरीचं. गोळा तर आधीच गेला होता. तरी दोन चमचे खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं, मोहरी फार चढली होती.

आता भांडण. तू सगळ्यांना सांगतोस की मी पंगतीत जेवलो नाही म्हणून तू चिडलास. ते तर झालंच. तेव्हाचं फॅड दिवसातून दोनदाच जेवायचं होतं, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत, आणि तुझा मुहूर्त माझ्या पंचावन्न मिनिटांत बसला नाही. पण आपल्या दोघांनाही ठाऊक आहे की तू त्यावर नाही चिडलास. तू जावईबापूंच्या मंडळींना कृष्णेची गोष्ट सांगत होतास, रंगात आला होतास, आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "काहीतरीच काय, मी माझा पोहत आलो होतो." चाळीस वर्षं मी तसंच सांगत आलोय. पोरांना, सुमाला, ऑफिसात. तू फक्त "बरं" म्हणालास आणि वाढपाला गेलास.

दोन हातांवरचं बटण गाठता येत नाही दिन्या, आणि मी म्हणे एका पायाने अर्धी कृष्णा ओलांडली. तूच ओढलंस मला. लिहून देतोय, जावईबापूंना दाखव हवं तर. केसांना धरून ओढायची गरज नव्हती, एवढं मात्र माझं अजूनही म्हणणं आहे. आज टक्कल आहे ते तिथूनच सुरू झालं.

बाकी नेहा रुळली का? बागेची छाटणी वेळेवर झाली का, की पावसाने पुन्हा घोळ घातला? दुकानाच्या कोर्टाचं काय झालं? शिऱ्याला आजोबा झाल्याबद्दल कळव, मी पण करतो फोन. नक्की करतो.

आई उठलीय, पुन्हा विचारतेय तू गेलास का म्हणून.

तुझा,
बाळ्या

ता.क. बरणी या आठवड्यात संपेल. धुऊन घेऊन येतो दिवाळीआधी. रिकामी परत द्यायची नसते, तेव्हा काय भरून आणू ते वहिनींना विचारून कळव. गोड सोडून.