संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरांना एका आजीचं पत्र

सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही. पण ज्यांची बाळं नाशिकला तुमच्या नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात राहून आली, त्यांना हे पत्र कोणासाठी आहे ते लगेच कळेल. डॉक्टरांचे आभार आम्ही तिथेच मानले, पेढेही दिले. तुमचं मात्र राहून गेलं. तुम्ही काय काय सांभाळत होतात, ते मला घरी आल्यावर हळूहळू उमगत गेलं.

जानेवारीत, निफाडच्या ऐन थंडीत, माझ्या लेकीचं तातडीनं सिझर करावं लागलं. आठवा महिना नुकताच लागला होता. बाळ दीड किलोच्याही आतलं. काही दिवस तिकडेच काचेच्या पेटीत ठेवलं आणि मग १०८च्या गाडीनं नाशिकला आणलं. दुसऱ्या दवाखान्यातून येणाऱ्या प्रत्येक बाळाचा घेता तसा तुम्ही आमच्याही बाळाच्या शीच्या जागेचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीनं नमुना, घेतलात. रिपोर्ट आला: क्लेब्सिएला नावाचा जंतू. खाली औषधांची यादी आणि जवळजवळ प्रत्येक औषधासमोर ‘रेझिस्टंट’, म्हणजे त्या औषधाला हा जंतू दाद देत नाही. जावईबापू मोबाइलवर शोधत बसले आणि त्यांचा चेहराच उतरला. विहीणबाईंनी रडायला सुरुवात केली. सगळ्यात भारी अँटिबायोटिक सुरू करा, पैशांकडे बघू नका, असं जावई डॉक्टरांच्या मागे लागले.

डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं आणि ते पुढच्या बाळाकडे गेले. तुम्ही मात्र आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवून घेतलंत. म्हणालात, “आजी, जंतू आतड्यात राहतोय. त्यानं बाळाला आजारी केलेलं नाही. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायच्या तपासणीत, काही उगवलेलं नाही, बाळ दूध पचवतंय, श्वास नीट आहे.” मग विचारलंत, इथे बसलेल्या आपल्या सगळ्यांच्या अंगावर जंतू नाहीत का? दहा धडधाकट माणसांतल्या साधारण तिघांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. लहान मुलांच्या नाकाघशात न्यूमोनियाचे जंतू असतात, तरी बहुतेक मुलं खेळत असतात. जंतूनं नुसतं राहणं वेगळं आणि त्यानं रक्तात, फुप्फुसात शिरणं वेगळं. औषध लागतं ते शिरल्यावर.

जावयांना तुम्ही दिलेलं उत्तर मी आजवर कितीतरी जणांना ऐकवलंय. तुम्ही दिंडोरीकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. म्हणालात, “दादा, तणनाशक मारून सगळं वावर मोकळं केलं, तर त्यात आधी काय उगवतं? जे त्या औषधाला दाद देत नाही तेच ना?” गरज नसताना दिलेल्या अँटिबायोटिकनं आतड्यातले चांगले जंतू मरतात, मग चिवट जंतूंना रान मोकळं मिळतं, आणि ज्या दिवशी खरंच गरज पडेल त्या दिवशी हातात औषध उरत नाही. जावई गप्प झाले. त्यांना पटलं होतं.

भीती मात्र तुम्ही लपवली नाहीत, याचंही मला मोल वाटतं. हाच जंतू रक्तात गेला तर इतक्या लहान बाळासाठी जिवावरचं दुखणं ठरतं, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. आईकडून बाळाला मिळणारी प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातली जंतूंशी लढणारी द्रव्यं, बहुतांशी शेवटच्या तीन महिन्यांत नाळेतून येतात, आणि आमच्या बाळाचे त्यातले बरेच आठवडे हुकलेले. कातडी पातळ, आतडं कच्चं. त्यात शिरेत सुई, नाकातून पोटात नळी. प्लास्टिकच्या नळीवर जंतू चिकटून बुळबुळीत थर धरतात आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही, हे मी तुमच्याकडूनच ऐकलं. म्हणून तर रोज सकाळच्या राउंडला तुमचा एकच प्रश्न असायचा, “ही लाइन (शिरेतली नळी) आज लागणार आहे का?” मोठ्यांच्या आयसीयूतही लघवीच्या नळीबद्दल तुम्ही रोज हेच विचारता, असं तिथल्या मामांनी सांगितलं. नळी एक दिवस लवकर निघाली की जंतूची आत जायची एक वाट बंद होते.

आणि हात! कोपरापर्यंत काही नको, अंगठी नको, घड्याळ नको. लेकीच्या हातात डोहाळजेवणातला हिरवा चुडा होता. तो उतरवायला ती कचरत होती, मलाही कसंसंच झालं. तुम्ही रागावला नाहीत. अंगठीखाली, बांगडीखाली जंतू कसे टिकून राहतात ते समजावलंत, स्वतः साबण लावून एकेक बांगडी अलगद काढलीत आणि तिच्या नावाची चिठ्ठी लावून पिशवीत ठेवलीत. सॅनिटायझर वीस-तीस सेकंद, साबण असेल तर चाळीस ते साठ, अंगठे आणि नखांची टोकं विसरायची नाहीत. मोठ्या डॉक्टरांनाही तुम्ही दारात थांबवलेलं मी पाहिलंय. तेही मुकाट्यानं परत हात धुवायला गेले.

उरलेलं दूध हात धुवायच्या बेसिनमध्ये ओतू नका, हे तुम्ही इतक्यांदा का सांगता, ते सुरुवातीला कोणालाच कळत नव्हतं. बेसिनच्या जाळीखाली, ओल्या पाइपात हेच जंतू घर करतात, दुधावर पोसतात आणि नळाच्या धारेबरोबर शिंतोडे उडून वर येतात. असं काही असतं, हे आम्हाला कोण सांगणार होतं?

रामकुंडाच्या तीर्थाचा प्रसंगही लिहायलाच हवा. विहीणबाई पंचवटीत जाऊन गंगेचं तीर्थ घेऊन आल्या होत्या, एक थेंब बाळाच्या जिभेवर ठेवायचा म्हणून. सोबत मधाची बाटलीही होती. तुम्ही दोन्ही हातांनी तीर्थ घेतलंत, कपाळाला लावलंत आणि म्हणालात, “हे घरी देवापुढे ठेवा. बाळाच्या तोंडात आत्ता फक्त आईचं दूध.” मध वर्षापर्यंत नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाचा, अंग लुळं पाडणारा आजार होऊ शकतो, हेही सांगितलंत. विहीणबाई जराही दुखावल्या नाहीत. ही माणुसकी सगळ्यांना साधत नाही.

लेकीला दूध येईना तेव्हा थेंबभर चीकसुद्धा तुम्ही वाया जाऊ दिला नाहीत. आईच्या दुधातल्या काही साखरा बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंसाठी. हे ऐकलं आणि लेक रात्री उठूनही दूध काढायला लागली. मग बाळाला तिच्या छातीशी उघड्या अंगानं बांधून ठेवायचं. दवाखान्याच्या जंतूंआधी आईच्या अंगावरचे जंतू त्याला मिळू देत, असं तुमचं म्हणणं. नंतर मी वाचलं की भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांत जागतिक आरोग्य संघटनेनं केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एक किलो ते जवळजवळ एक किलो आठशे ग्रॅमच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं छातीशी धरलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. ही तुलना तब्येत स्थिरावल्यावरच छातीशी धरलेल्या बाळांशी. नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या घरी हे कळायला हवं, असं मला फार वाटतं.

घरी सोडताना तुम्ही एक कागद दिलात. हा जंतू आतड्यात काही महिने राहू शकतो, घरात बाळाला वेगळं ठेवू नका, पोटभर खेळवा, दुपटं बदललं की हात धुवा, आणि पुढे कुठेही दाखल करायची वेळ आली तर आधी हा कागद दाखवा. तो फाइलमध्ये सगळ्यात वर लावलाय. त्याची एक प्रत गावच्या आशाताईंकडे आहे.

बाळ आता नाचणीचं सत्त्व खातं आणि धरून उभं राहतं. लेकीनं, जावयांनी आणि विहीणबाईंनीही तुम्हाला नमस्कार सांगितलाय. गोवराच्या लशीला नाशिकला येऊ तेव्हा वॉर्डात येणार नाही, खालीच थांबू. सवड झाली तर पाच मिनिटं खाली या. त्याला तुमच्याकडे द्यायचंय.

तुमची,
निफाडची आजी