चिठ्ठीवरच्या एका ओळीबद्दल

आदरणीय बाईंस,
सादर नमस्कार.

सीमा ओलांडण्याचा प्रसंग आत्मपर प्रवासलेखनात आणि विनोदी चित्रपटांत कसा येतो, या विषयावरचा माझा प्रबंध अखेर पूर्ण झाला. याआधी ज्यांच्याकडे गेलो त्यांपैकी एका विद्वानांनी, ‘प्रवासवर्णन हे साहित्य आणि सिनेमा ही करमणूक, दोन्ही एका दावणीला कशाला बांधता?’ असे म्हणून चार पानेही न चाळता वही परत केली होती. दुसऱ्यांनी तर वही उघडण्याचीही तसदी घेतली नाही.

आपण ग्रंथालयातल्या देवघेवीच्या टेबलामागून माझे अर्धवट बोलणे ऐकून घेतलेत आणि ऑस्ट्रियन लेखक स्टेफान त्स्वाइग यांचे १९४२ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन पुढे सरकवलेत. घरी येऊन उघडले, तर पासपोर्टविषयीच्या पानात कागदाची अरुंद पट्टी होती आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहिले होते : ‘यानंतर चॅप्लिनचा दोर पुन्हा बघा.’

‘द इमिग्रंट’ (१९१७) मधला तो दोर मी चार वेळा पाहिला होता आणि चारही वेळा हसून पुढे गेलो होतो. जहाजावरच्या लोकांना स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो न दिसतो, तोच अधिकारी त्यांना गुरांसारखे दोरामागे कोंडतात. प्रवासलेखक सहसा घरी परतून लिहितो, त्यामुळे नाक्यावरचा अपमान तोवर निवून गमतीचा किस्सा झालेला असतो; विनोदी चित्रपटातला माणूस मात्र आपल्या डोळ्यांदेखत अजून तिथेच अडकलेला असतो, अशी माझी मांडणी होती. त्या ओळीने तिला नेमका छेद दिला. १९१४ पूर्वी पासपोर्टावाचून भारतात आणि अमेरिकेत जाऊन आलेले त्स्वाइग १९३८ नंतर देशहीन झाले. लिहायला बसले तेव्हा परतायला घरच उरले नव्हते. म्हणजे ते इतर प्रवासलेखकांपेक्षा, ‘द पिल्ग्रिम’च्या (१९२३) शेवटी एक पाय अमेरिकेत आणि एक मेक्सिकोत टाकत पळणाऱ्या चॅप्लिनच्या अधिक जवळचे. माझ्या प्रबंधातले सर्वांत बरे प्रकरण यावरच उभे आहे.

आपण ते स्वतः सांगू शकला असता, पण शोधण्याचा आनंद माझ्यासाठी राखून ठेवलात. मदत करताना समोरच्याला लहान न करण्याचे हे सौजन्य मला मोठमोठ्या दालनांत क्वचितच भेटले.

पुस्तक मुदतीत परत केले आहे. चिठ्ठी मात्र मी ठेवून घेतली आहे. तिचा दंड आपण सांगाल तो.

आपला कृतज्ञ,
एक वाचक