कुलूप आधी, किल्ली नंतर

संपादक महोदय,

संप्रेरकांवर पुष्कळ लिहिले जाते, पण ती ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनांवर क्वचितच. खरे नवल तर तिथेच आहे. पेशीकेंद्रकाशी निगडित ग्राहींचे एकच मोठे कुळ पाहा: माणसात ते 48 आहेत, आणि सी. एलिगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत अडीचशेहून जास्त!

1999 मध्ये या कुळाला एकसारखी नामपद्धती मिळाली. ती संप्रेरकावर नव्हे, ग्राहींच्या आपसातल्या नात्यावर बेतलेली आहे, आणि तेच योग्य. कारण ॲप्लिसिया या सागरी गोगलगायीतला ‘इस्ट्रोजेन ग्राही’ इस्ट्रोजेनला दादच देत नाही. नाव मात्र तेच चिकटले आहे.

अमेरिकी उत्क्रांतिशास्त्रज्ञ जो थॉर्नटन यांच्या गटाने 45 कोटी वर्षांहून जुना पूर्वज ग्राही प्रयोगशाळेत पुन्हा घडवला. 2006 मध्ये त्यांनी दाखवले, की तो अल्डोस्टेरॉनला प्रतिसाद देतो. हे संप्रेरक तर प्राण्यांत फार नंतर आले! कुलूप आधीच तयार होते, किल्ली मागून घडली. मी ही गोष्ट वाचली तेव्हा रात्रभर तीच डोक्यात घोळत होती.

आपल्या विज्ञान पुरवणीत या विषयावर सविस्तर लेखमाला यावी, ही मनापासून विनंती.

– एक नियमित वाचक