सुपरवायझरचा धाक आणि लपलेलं रिजेक्शन

महोदय,

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत रिजेक्शन (तपासणीत नापास होणारा माल) वाढलं की मशिन, मटेरियल, ऑपरेटर सगळं तपासलं जातं. सुपरवायझरची वागणूक मात्र कुणी तपासत नाही.

सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशिनवर) नगाचं बोअर, म्हणजे आतलं भोक, कापताना हत्याराची टिप झिजते, तसं भोकाचं माप हळूहळू कमी होत जातं. ऑपरेटरने वेळीच सांगितलं तर ऑफसेट देऊन (झीज भरून काढणारा आकडा मशिनमध्ये टाकून) किंवा टिप बदलून काही मिनिटांत भागतं. पण मागच्या वेळी सांगितल्यावर चारचौघांत पाणउतारा झाला असेल, तर तो गप्प बसतो. शंकास्पद नग चांगल्या मालात सरकतात, पाळी बदलते, पुढचा ऑपरेटर तोच ऑफसेट धरून मशिन चालू करतो. दोष सापडतो थेट ग्राहकाकडे, आणि सगळा लॉट पुन्हा तपासावा लागतो.

टोयोटाच्या पद्धतीत अडचण दिसताच कामगार दोरी ओढतो, टीम लीडर तिथे येतो, आणि लाइनवरचं काम ठरलेल्या जागेपर्यंत सरकेपर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. आपल्याकडे अँडनचे, म्हणजे अडचण कळवणारे, दिवे बसवले, पण दिवा लावणाऱ्यावरच खेकसतात! पहिला प्रश्न ‘कोणत्या नगापासून?’ हा हवा. किती माल बाजूला काढायचा, ते त्यावरूनच ठरतं.

गेज (माप तपासायचं साधन) न लावता तपासणीच्या कागदावर आकडे भरणाऱ्याला खडसावलंच पाहिजे, पण बाजूला घेऊन. आणि पाळी बदलताना दोन्ही सुपरवायझरांनी मशिनपाशीच शेवटचा नग, टिप आणि ऑफसेट याबद्दल ऑपरेटरसमोर बोलावं. त्यासाठी दहा मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र हव्यात. कंपनीच्या बसच्या वेळा व्यवस्थापनाने तशा बदलाव्यात.

– गुणवत्ता विभागातील एक वाचक, भोसरी, पुणे