‘ग्रेसलँड’चे वादक अनामिक नव्हेत

संपादक महोदय,

अमेरिकी गायक-गीतकार पॉल सायमन यांच्या ‘ग्रेसलँड’ (१९८६) या अल्बमवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवरील सांस्कृतिक बहिष्कार सायमन यांनी मोडल्याचा वाद सविस्तर आला आहे. मात्र ज्यांच्या वादनातून हा अल्बम घडला, त्या दक्षिण आफ्रिकी कलावंतांची ‘स्थानिक वादक’ एवढ्यावर बोळवण व्हावी, हे खटकले.

१९८५ मध्ये सायमन जोहान्सबर्गला गेले ते तयार गाणी घेऊन नव्हे. आधी तिथल्या वादकांसोबत ताल आणि सुरावटी ध्वनिमुद्रित झाल्या आणि बहुतेक शब्द मागाहून अमेरिकेत लिहिले गेले. शीर्षकगीतात गिटारवादक रे फिरी यांनी तिथल्या टाउनशिप (कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील) संगीतात सहसा न आढळणारी एक मायनर कॉर्ड (उदास छटेचा स्वरमेळ) घातली आणि त्याबद्दल विचारता, आपण सायमन यांच्याच धाटणीचे अनुकरण करीत होतो, असे सांगितले. ही आठवण खुद्द सायमन यांची आहे. तरीही त्या गाण्याचे श्रेय एकट्या सायमन यांच्या नावावर आहे. ‘यू कॅन कॉल मी अल’ या गाण्यातील बाकिथी कुमालो यांचा बास गिटारवरचा तुकडा तर सर्वांच्या कानात असतो (त्याचा उत्तरार्ध म्हणजे पूर्वार्धाचीच उलटी फिरवलेली टेप!), पण त्यांचे नाव किती जणांना ठाऊक असते?

अर्थात सायमन यांनी वादकांना न्यूयॉर्कच्या दराच्या तिप्पट मानधन दिले आणि ‘होमलेस’ या गाण्याचे श्रेय ‘लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो’ या गायकवृंदाचे जोसेफ शबालाला यांच्याबरोबर वाटून घेतले, हेही नमूद केले पाहिजे.

बहिष्काराविषयी म्हणाल, तर ज्या भारताने १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि १९७४ मध्ये डेव्हिस चषकाचा अंतिम सामनाही सोडून दिला, तेथील वाचकांना सायमन यांच्यावरचा रोष समजावून सांगण्याची गरज नाही. वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला विश्वासात न घेणे ही त्यांची चूकच होती, असे माझे मत आहे. परंतु वर्णद्वेषी राजवटीमुळे अनेक वर्षे परागंदा राहिलेले दक्षिण आफ्रिकी कलावंत ह्यू मासेकेला आणि मिरियम मकेबा १९८७ च्या दौऱ्यात त्यांच्यासोबत गायले, ही बाब लेखात एका वाक्यात उरकायला नको होती. झिम्बाब्वेतील हरारे येथील मैफलीत या दोघांबरोबर फिरी, कुमालो आणि शबालालाही मंचावर होते. लेखासोबत आपण फक्त सायमन यांचे छायाचित्र छापले आहे. पुढील पुरवणीत या कलावंतांची ओळख करून द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली